तबकडीतला कांदा

गुरुदत्त कारखानीसांनी ते वाक्य बोलायला नको होतं. पण पानात वालाचं बिरडं होतं, तेही दुसऱ्यांदा वाढलेलं, आणि समोर बसलेले सासरे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मान हलवत ऐकत होते. अशा वेळी माणूस बोलून जातो.

"भाऊ, ती रेकॉर्ड आमच्याकडे ठाण्याला घेऊन या," गुरुदत्तराव म्हणाले. "मी ऐकवतो तुम्हाला. आमच्या मशीनची सुई फुलासारखी टेकते. ओरखडासुद्धा उठणार नाही."

भाऊंनी घास हातातच ठेवला. "पुढच्या रविवारी येतो," ते म्हणाले.

साल सत्तावन्न. भाऊ कर्णिक म्हणजे गुरुदत्तरावांच्या बायकोचे, वासंतीचे वडील. कल्याणच्या शाळेत पस्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून आता डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते. जावयाबद्दल त्यांचं मत वाईट होतं असं कुणी म्हणू शकलं नसतं. त्यांचं जावयाबद्दल मतच नव्हतं, आणि अकरा वर्षं गुरुदत्तरावांना नेमकं तेच खुपत होतं. भाऊ त्यांना पावसापाण्याचं विचारत, कारखान्याचं विचारत, आणि उत्तर संपायच्या आत वर्तमानपत्र उघडत.

त्या रेकॉर्डची गोष्ट वेगळी होती. भाऊंच्या पत्नी सुमतीबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. ऐन संसारात असताना, चौतीस साली, त्यांनी कुठल्याशा छोट्या कंपनीसाठी दोन पदं गायली होती. लग्नाला दहा वर्षं झालेल्या या बाईचं नाव कंपनीनं तबकडीवर 'मिस सुमती' असं छापलं. भाऊंनी निषेधाची तीन पत्रं लिहिली. तिसरं पोचायच्या आत कंपनीच बंद पडली (ती आपल्या पत्रांमुळेच पडली, असं भाऊंना मनातून वाटे). त्यामुळे जगात ती रेकॉर्ड एकच उरली होती, भाऊंच्या ट्रंकेत, सुमतीबाईंच्या जुन्या शालूच्या तुकड्यात गुंडाळलेली. भाऊंकडे चावीचा ग्रामोफोन होता, पण त्याची लोखंडी सुई दर खेपेला थोडं थोडं गाणं खाते, हे पदार्थविज्ञानाच्या मास्तरांना कुणी सांगायला नको होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती लावणंच सोडलं. महिन्यातून एकदा बाहेर काढायची, पुसायची, परत ठेवायची.

जेवण करून स्टेशनकडे चालताना वासंतीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "अहो, पण ते मशीन तुम्ही अजून जोडलंच नाहीये ना?"

"जोडायला काय लागतं?" गुरुदत्तराव म्हणाले. "दोन वायरी तर आहेत."

हे मशीन त्यांच्याकडे आलं होतं कोलशेतच्या कारखान्यातून. गुरुदत्तराव तिथे स्टोअर-कीपर होते. एक साहेब विलायतेला कायमचा परत निघाला तेव्हा त्यानं सामान विकायला काढलं, आणि गुरुदत्तरावांनी त्यातून रेकॉर्ड फिरवायचं यंत्र, त्याचा तो हलका सुईचा दांडा, आणि सोबत आलेला एक पत्र्याचा डबा उचलला. डब्यात एक काचेचा व्हॉल्व्ह होता आणि बाजूंना चार भोकं. चार महिने हे सगळं बैठकीच्या खोलीत वासंतीनं विणलेल्या रुमालाखाली झाकून होतं. आल्यागेल्याला रुमाल उचलून दाखवण्यात येई. कुणी "लावा की" म्हटलं की गुरुदत्तराव म्हणत, "जरा निवांत."

खरी गोष्ट अशी होती की कारखान्यात कुठला नट कोणत्या खणात आहे हे गुरुदत्तरावांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. तो नट कशात बसवतात, हे सांगायची वेळ त्यांच्यावर बावीस वर्षांत आली नव्हती.

मंगळवारी कामावरून येताना ते टेंभी नाक्यावर पोपटच्या दुकानापाशी सायकलवरून उतरले. पोपट म्हात्रे मूळचा कोलशेत गावचाच. लढाईच्या काळात आरमाराच्या वर्कशॉपात बिनतारी यंत्रं दुरुस्त करायला शिकला आणि आता हातभर रुंदीच्या दुकानात निम्म्या ठाण्याचे रेडिओ दुरुस्त करत होता. गुरुदत्तराव विचारायला गेले नव्हते. आपल्याला माहीत असलेलं बरोबर आहे ना, एवढंच बघायला गेले होते.

"दांड्याच्या वायरी रेडिओच्या मागच्या भोकांत घालायच्या. बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

"मंग डबा?" पोपट म्हणाला.

"डबा कशाला? दोघांच्या मध्ये तिसरा घातला की काम बिघडतं. कारखान्यात रोज बघतो मी."

पोपटनं हातातली कावीळ झालेल्यासारखी पिवळी वायर खाली ठेवली. "साहेब, सुई कुजबुजते. डबा बोलतो. रेडिओ वरडतो. मधला मानूस काढलात, तर वरडनाऱ्याला कुजबूज ऐकू कशी येनार? डब्याबिगर नाय व्हायचा ता. नि डब्याला अर्थिंग पायजे. मी येतो ना रविवारी, अर्ध्या तासाचा काम."

"अर्ध्या तासाचं काम असेल तर मला पाव तास लागेल," गुरुदत्तराव म्हणाले.

यावर पोपट हसला. मोठ्यानं नाही, वाईटपणे नाही, पण हसला. दुकानात बसलेलं एक गिऱ्हाईकही हसलं. गुरुदत्तराव सायकलवर बसले ते थेट घरी आले, आणि चपला काढायच्या आत त्यांनी बजावलं की या घरात त्या माणसाचं नाव काढायचं नाही. हा पाऊल ठेवणार नाही, ह्याचा सल्ला येणार नाही, ह्याच्या दुकानातली वायर येणार नाही.

"बरं," वासंती म्हणाली. "कोथिंबीर आणलीत?"

रविवारी सकाळी भाऊ आले. धुतलेलं धोतर, काळी टोपी, छातीशी धरलेला शालूचा तुकडा. चहाला नको म्हणाले. खुर्ची यंत्राच्या समोर ओढली आणि बसले.

गुरुदत्तरावांचा रेडिओ भिंतीतल्या फळीवर होता. तो पुढे ओढला तरी मागे जेमतेम हात जाईल एवढीच जागा व्हायची, डोकं जायचं नाही. म्हणून त्यांनी वासंतीचा हातातला आरसा मागवला, तो रेडिओमागे धरला आणि आरशात बघून भोकं शोधली. भोकांच्या दोन जोड्या होत्या. एकीवर सुईच्या दांड्याचं नाव, दुसरीवर जादा कर्ण्याचं. अक्षरं आरशात उलटी, भोकंही उलटी, आणि हात मात्र सुलटा. गुरुदत्तरावांनी ठामपणे वायरी घातल्या. घालताना मागची एक छोटी कळ त्यांच्या कोपरानं खाली गेली आणि चालू असलेला रेडिओ गप्प झाला.

"रेडिओ बंद पडला वाटतं," वासंती म्हणाली.

"पडणारच. आता तो आपलं ऐकणार," गुरुदत्तराव म्हणाले.

भाऊंनी शालू उलगडला. तबकडी स्वतः ठेवली. ती फिरू लागली. गुरुदत्तरावांनी दांडा उचलून सुई अलगद टेकवली, आणि खरंच फुलासारखी टेकवली, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. रेडिओतून काहीच आलं नाही. पण सुईपाशी, तबकडीवर, अगदी बारीक असा माणसाचा आवाज येत होता. भाऊंनी टोपी काढली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि तबकडीला कान लावला.

एकदा त्यांनी कान बदलला. मग मान वर न करता म्हणाले, "गुरुदत्तराव, ही कांद्याचा भाव सांगते आहे."

"काय?"

"लासलगाव. कांदा. आवक बेताची, भाव स्थिर." भाऊ थांबले. "आता गूळ सांगते आहे. आणि आवाज पुरुषाचा आहे."

वासंतीनं कान लावला. गुरुदत्तरावांनी लावला. सुईतून कुणी गृहस्थ शेतकरी बांधवांना 'सांगली, हळद' असं ऐकवत होते. झालं होतं इतकंच, की वायरी जादा कर्ण्याच्या भोकांत गेल्या होत्या, कोपराखालच्या कळीनं रेडिओचा आतला कर्णा बंद झाला होता, आणि सुईचं ऐकून रेडिओनं बोलायच्याऐवजी रेडिओचं ऐकून सुई बोलत होती. पण हे त्या वेळी खोलीतल्या तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

भाऊंनी झडप घालून सुई उचलली. तबकडी उजेडात धरून तिरकी करून पाहिली.

"हे यंत्र ऐकवतं की लिहितं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"सुई थरथरली की खाच पडते. रेकॉर्ड बनवतात ती अशीच. मी पस्तीस वर्षं शिकवलंय हे." भाऊंचा आवाज खाली गेला. "तुम्ही सुमतीच्या गाण्यावर बाजारभाव लिहिलेत की काय?"

गुरुदत्तराव संतापले. अकरा वर्षांत सासऱ्यांपुढे त्यांनी आवाज चढवला नव्हता, तो आज चढला. हे अशक्य आहे, म्हणाले. विलायती साहेबाचं यंत्र आहे, असं भलतंसलतं करणार नाही. आणि एवढ्या प्रेमानं कुणी काही करायला गेलं तर त्याच्यावर असा आळ घेणं बरं नव्हे. हे सगळं ते तावातावानं बोलले, आणि असं होत असेल किंवा नसेल यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

वासंती आईची रेकॉर्ड बघत उभी होती. तिनं दोघांपैकी कुणाकडेच पाहिलं नाही.

"खात्री करायचा एकच उपाय आहे," भाऊ शेवटी म्हणाले. "ती वाजवून बघणं. लोखंडी सुई मी तिला लावणार नाही. तेव्हा हे यंत्र नीट चालेपर्यंत मी इथेच आहे. वासू, माझ्यापुरता भात टाक."

भाऊ राहिले. रविवारी राहिले, सोमवारी राहिले. सकाळी सहाला त्यांना चहा लागे आणि चहाबरोबर वर्तमानपत्र, जे आजवर पहिल्यांदा गुरुदत्तरावांच्या हातात पडत असे. दिवसभर ते यंत्रासमोरच्या खुर्चीत बसत, मांडीवर रेकॉर्ड. गुरुदत्तरावांनी एकदा सुचवून पाहिलं की इतकं शास्त्र ठाऊक आहे तर आपणच दोन वायरी जोडाव्यात. "मी शिकवलं," भाऊ म्हणाले. "जोडायचं मी कधी म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलंत."

यावर काय उत्तर द्यायचं हे गुरुदत्तरावांना कोलशेतच्या अर्ध्या रस्त्यात सुचलं, पण तोवर सायकल बरीच पुढे गेली होती.

सोमवारी संध्याकाळी त्यांनी रेडिओ फळीवरून खाली उतरवला आणि आरशाशिवाय भोकं पाहिली. वायरी बदलल्या, खाली गेलेली कळ वर केली. रेडिओची खुंटी रेकॉर्डच्या खुणेवर आणली. सुमतीबाईंच्या रेकॉर्डला भाऊ आता कुणालाच हात लावू देत नव्हते, म्हणून प्रयोगाला घरातली सनईची रेकॉर्ड घेतली, लग्नात आहेर आलेली. सनई वाजली. आवाज पुरता वाढवल्यावर ती डासाएवढी ऐकू आली.

"वाजतेय," गुरुदत्तराव म्हणाले.

"काय वाजतंय?" भाऊंनी विचारलं.

"सनई."

"मला तरी कांद्यापेक्षा वेगळं काही कळत नाहीये," भाऊ म्हणाले.

म्हणजे डबा लागत होता. गुरुदत्तरावांनी हे मान्य केलं नाही. ते म्हणाले, आता डबा लावून दाखवतो, म्हणजे त्याचा उपयोग नाही हे सिद्ध होईल. दांड्याच्या वायरी डब्यात, डब्याच्या वायरी रेडिओत, डब्याची विजेची वायर भिंतीत. मंगळवारी संध्याकाळी ही जुळणी पुरी झाली आणि त्यांनी बटण दाबलं.

जो आवाज आला तो सनईचा नव्हता. घूं करून असा काही घोष सुरू झाला की कपबशा खुळखुळू लागल्या. त्याच्या पोटात कुठेतरी सनई होती, पण ती पुरात सापडलेल्या माणसासारखी मधूनच डोकं वर काढून बुडत होती. खालच्या मजल्यावरचे प्रभाकर प्रधान जिना चढून वर आले. ते नेहमी अत्यंत नम्रपणे बोलत, आणि म्हणूनच गुरुदत्तरावांना ते सहन होत नसत.

"काही नाही," प्रधान म्हणाले. "पिठाची गिरणी टाकली असेल तर गहू पाठवून देतो, एवढंच विचारायला आलो."

गुरुदत्तरावांनी रागानं डबा बंद करायला हात घातला, आणि बोट पत्र्याला लागताच घोष एकदम ओसरला. खोलीत स्वच्छ, गोड सनई भरली. त्यांनी बोट काढलं, गिरणी सुरू. बोट ठेवलं, सनई. बोटाला मुंग्या येत होत्या, पण ते काढवेना.

"जमलं," ते म्हणाले. "ही पद्धत आहे."

"म्हणजे गाणं ऐकायचं असेल," भाऊ सावकाश म्हणाले, "तर जावई उभा करून ठेवायचा."

प्रधानांनी खिडकीबाहेर बघितलं. वासंतीनं पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत होता, भांडी नसताना.

गुरुदत्तरावांचा आता सगळ्या जगावर रोष होता. साहेबावर, कारण त्यानं सोबत साधं पत्रकही दिलं नाही. प्रधानांवर, कारण त्यांना जिना उतरताना गुणगुणायची काय गरज होती? बायकोवर, कारण ती हसली होती. आणि हसली नाही म्हणाली होती, म्हणून जास्तच. भाऊंवर तर सगळ्यांत अधिक, कारण ते रागावत नव्हते. रागावले असते तर भांडता आलं असतं. पण मंगळवारी रात्री गुरुदत्तराव पाणी प्यायला उठले तेव्हा त्यांना दिसलं, की भाऊ खुर्चीत बसले आहेत, तबकडी शालूतून काढलेली आहे, आणि ते तिच्यावरून बोट फिरवत नव्हते, नुसतं वर धरून होते. खाचेत काय लिहिलंय ते बोटाला कळेल की काय, अशी त्यांना भीती वाटत असावी.

गुरुदत्तराव पाणी न पिताच परत आले.

बुधवारी ते कारखान्यात गेले आणि इकडे वासंती भाजीची पिशवी घेऊन टेंभी नाक्यावर गेली. भाजी घेतली. मग पोपटच्या दुकानापुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं. आरसा, कांदा, मुंग्या येणारं बोट.

पोपट या वेळी हसला नाही. "सुईनं तबकडीवर लिहिलं तर नसेल ना?" तिनं विचारलं तेव्हा त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. "तबकडीवर लिवला नाय ना काय?" पोपटनं तिचंच वाक्य आपल्या बोलीत परत म्हणून पाहिलं, विचार करत. मग म्हणाला, "नाय वहिनी. तेवढा जोर नाय तिच्यात. थरथरली, बोलली, उठली. आईचा गाना हाय तसाच असंल. पन लावून बघीपरयंत बापाला पटनार नाय, ता पन खरा."

"तुम्ही येता?"

"नको. साहेब बोलले ना, पाय नाय ठेवायचा. त्यांचा मान राहू दे." त्यानं वायरीच्या गुंडाळीकडे हात नेला आणि थांबला. "वायर पन माझी नाय चालनार. घरात तांब्याची तार असंल. डब्याच्या पत्र्याला एक स्क्रू हाय, त्याला एक टोक. दुसरा टोक नलाच्या पायपाला, घासून, घट्ट. झाला."

"एवढंच?"

"साहेबांचा बोट जा काम करत व्हता, ताच नल करील. नलाला मुंग्या येत नाय."

वासंती घरी आली. माळ्यावरच्या डब्यातून कपडे वाळत घालायची जुनी तार काढली, तर ती लोखंडी निघाली. मग देवघरातल्या जुन्या समईभोवती गुंडाळलेली तांब्याची तार तिला आठवली. मोरीच्या नळाचा पाइप तिनं चिंचेनं घासला, भांडं घासतात तसा, चकचकीत होईपर्यंत. भाऊ खुर्चीतून बघत होते. एकदा त्यांनी विचारलं, "वासू, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच," वासंती म्हणाली. "सातवीत. वीज जमिनीत पळून जायला बघते म्हणून. आपल्या घरी वीज नव्हती, म्हणून मला वाटायचं ती पळून गेली असेल."

भाऊ खुर्चीतून उठले आणि नळाच्या बाजूनं तार त्यांनी धरली.

संध्याकाळी गुरुदत्तराव जिना चढत होते तेव्हा वरून सनई ऐकू आली. स्वच्छ, भरदार, मंगल कार्यालयाच्या दारात यावी तशी. प्रधान आपल्या दारात उभे राहून ऐकत होते. "उत्तम," ते म्हणाले. गुरुदत्तराव क्षणभर सुखावले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण तर आत्ता येतोय.

खोलीत येऊन त्यांनी डब्यापासून निघालेली तार पाहिली. ती दारातून, ओट्याखालून मोरीत गेली होती. ते तिच्यामागोमाग मोरीपर्यंत गेले आणि परत आले.

"हे त्या माणसाचं काम आहे," ते म्हणाले.

"तो आलाच नाही," वासंती म्हणाली.

"वायर त्याची आहे."

"समईची आहे."

"सल्ला त्याचा आहे."

"हो," वासंती म्हणाली. "सल्ला मी नाक्यावरच ऐकला. घरात आणला नाही."

गुरुदत्तरावांना भयंकर बोलायचं होतं. आपल्याच घरात, आपल्याच यंत्रावर, आपल्या पाठीमागे. निदान आपण येईपर्यंत थांबायचं तरी. तसं ते म्हणालेही. तेव्हा भाऊ खुर्चीतून म्हणाले, "थांबलोच आहोत. दुपारपासून सनईच लावतोय. वासू म्हणाली, ते आल्याशिवाय आईची लावायची नाही."

गुरुदत्तराव खाली बसले. कोट अंगातच होता.

भाऊंनी तबकडी ठेवली. दांडा त्यांनी गुरुदत्तरावांकडे सरकवला. "तुम्ही टेकवा," म्हणाले. "हात हलका आहे तुमचा."

सुई टेकली. नुसती खरखर, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. ती इतकी लांबली की गुरुदत्तरावांना घाम फुटला, आता लासलगाव ऐकू येणार असं त्यांना वाटू लागलं. वासंतीनं त्यांच्या कोटाची बाही धरली होती. मग सारंगीचे सूर आले, आणि त्यांच्या पाठोपाठ एक बाई गाऊ लागली.

आवाज फार मोठा नव्हता. किंचित घोगरा, वरच्या सुरावर जरा जपून जाणारा. पण तिचा श्वास ऐकू येत होता. एक ओळ संपून दुसरी सुरू व्हायच्या आधी तिनं घेतलेला श्वास, बांगड्यांची बारीकशी किणकिण, सगळं त्या खोलीत होतं. चावीच्या ग्रामोफोननं यातलं कधीच काही दिलं नव्हतं. भाऊ हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते, वर्गात तपासणीला साहेब आल्यावर मास्तर बसतात तसे.

पद संपलं. सारंगी थांबली. सुई शेवटच्या रिकाम्या खाचांवर गेली, आणि गुरुदत्तराव ती उचलायला वाकले, तेव्हा त्या खरखरीतून, दुरून, हळूच कुणीतरी विचारलं, "झालं का हो?"

गुरुदत्तरावांचा हात तिथेच राहिला.

"झालं," भाऊ म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ती गात होती तेव्हा ते दारात उभे होते. आत यायला मनाई होती. गाणं संपल्यावर तिनं त्यांच्याकडे बघून विचारलं होतं, आणि ते घाबरून काही बोललेच नव्हते, कारण यंत्र चालू होतं आणि आपला आवाज रेकॉर्डवर जाईल अशी त्यांना धास्ती होती. घरी येताना ती या गोष्टीवरून त्यांच्याशी अबोला धरून होती. "तेवीस वर्षं झाली," भाऊ म्हणाले. "उत्तर राहिलं होतं."

वासंती रडत होती. गुरुदत्तरावांच्या लक्षात आलं की आपल्यालाही समोरचं धूसर दिसतंय. त्यांनी चष्मा पुसला आणि त्या दोन-चार मिनिटांत त्यांना कुणाचाही राग आला नाही. पोपटचासुद्धा नाही.

ती बाजू त्यांनी आणखी दोनदा लावली. दर वेळी भाऊ शेवटी "झालं" म्हणाले.

गुरुवारी सकाळी भाऊ डोंबिवलीला निघाले. रेकॉर्ड त्यांनी वासंतीजवळ ठेवली, शालूसकट, आणि दर रविवारी येईन म्हणाले. जिन्यापाशी थांबून त्यांनी गुरुदत्तरावांच्या खांद्यावर हात ठेवला. असं ते कधी करत नसत. "चांगलं झालं तुम्ही ते वाक्य बोललात," ते म्हणाले. "तुम्ही बोलला नसतात तर वासूला जोडावं लागलं नसतं." गुरुदत्तराव हे कौतुक आहे की काय याचा विचार करत राहिले, तोवर भाऊ रस्त्यावर पोचले होते.

पुढच्या आठवड्यात प्रधान आपला रेडिओ घेऊन वर आले. खरखरतो म्हणाले. वासंतीनं नळाला तार जोडून दिली, खरखर गेली. मग मागल्या आळीतल्या एक बाई आल्या. मग प्रधानांचे साडू थेट कल्याणहून. वासंती प्रत्येकाला पोपटकडे जा म्हणून सांगे, आणि पोपट त्यांना परत पाठवी, वहिनींचा हात चांगला हाय म्हणून. गुरुदत्तरावांना हे सगळं अत्यंत गैर वाटत होतं. बैठकीच्या खोलीत आता बसायलाही जागा नसे, आणि जे येत ते "मिस्टर, जरा हे धरता का" म्हणून त्यांच्या हातात स्क्रू देत. पण हे ठाण्याचे लोक. कारखान्यातल्या माणसांना आपली किंमत ठाऊक आहे, एवढंच समाधान त्यांना होतं.

एका रविवारी दुपारी दार वाजलं. बाहेर काळुराम होता, कारखान्यातला फिटर, त्यांच्या स्टोअरमध्ये रोज चार वेळा येणारा. कोलशेतहून सायकल मारत आला होता, घामानं निथळत होता. सायकलच्या कॅरिअरला गोधडीत बांधलेला रेडिओ होता, तो त्यानं सोडून उरापोटाशी धरून वर आणला होता.

गुरुदत्तरावांना बरं वाटलं. त्यांनी दार सताड उघडलं. "ये, ये. काय झालं? बोलत नाही का?"

"वहिनी हायेत?" काळुरामनं विचारलं.

"ती बाजारात गेलीय. मला दाखव, मी आहे ना."

काळुरामनं रेडिओकडे बघितलं. मग साहेबांकडे बघितलं. मग रेडिओ जमिनीवर ठेवला, साहेबांच्या आणि त्याच्या मधोमध नाही, तर स्वतःच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीशी, आणि त्यावर गोधडी परत नीट पांघरली.

"घाई नाय साहेब," तो मोठ्या अदबीनं म्हणाला. "मी बसतो."